नॉर्कियाच्या ओढ्यातला दगड

(मे २००८. डॅलसचा विमानतळ. इमिग्रेशनच्या खिडकीवरून 'आत जाऊन बसा' असे सांगितलेल्या प्रवाशांची खोली. समोर उंच टेबल, त्यामागे गणवेशातील अधिकारी. भिंतीलगतच्या खुर्च्यांवर इटलीच्या सहलीहून परतलेले तिघे : निवृत्त संस्कृत शिक्षक मोरेश्वर, त्यांचा मुलगा सिद्धेश आणि सून नेत्रा.)

सिद्धेश : आप्पा, परत सांगा. हळू सांगा. आणि समोर बघून सांगा, पिशवीकडे बघू नका.

मोरेश्वर : पिशवीत दगड आहे, असे म्हणालो. आणि त्याला थोडी माती लागलेली आहे.

नेत्रा : कसला दगड?

मोरेश्वर : साधा. मुठीत मावेल एवढा. नॉर्कियाच्या ओढ्यातला.

सिद्धेश : ओ गॉड.

नेत्रा : सिद्धू, चेहरा सांभाळ. तो टेबलामागचा मघापासून आपल्याकडेच बघतोय.

सिद्धेश : तुम्ही हे आत्ता सांगताय? विमानात मी कस्टम्सचा फॉर्म भरला, एकेक ओळ वाचून दाखवली तुम्हाला!

मोरेश्वर : तू फार भराभर वाचलेस. मला फळे ऐकू आली, मांस ऐकू आले. ती दोन्ही माझ्यापाशी नव्हती. आता येथे बसल्या बसल्या तोच फॉर्म मी सावकाश वाचला. त्यात मातीही विचारली आहे. म्हणून सांगितले.

नेत्रा : सही कोणाची आहे त्याच्यावर?

सिद्धेश : माझी. सगळ्या फॅमिलीचा एकच फॉर्म असतो. तिघांच्या बॅगांचं उत्तर मी 'नो' म्हणून दिलंय आणि खाली सही ठोकलीय.

मोरेश्वर : मग ते खोटे झाले.

सिद्धेश : हो आप्पा, झालं! आणि कुठे बसून झालं बघा. आपल्याला इथे का बसवलंय? माझा आणि नेत्राचा ग्रीन कार्डचा अर्ज पेंडिंग आहे. देशाबाहेर जाऊन परत यायची परवानगी घेऊन गेलो होतो, तो कागद तपासतायत. एक शिक्का हवाय, बस. नऊ वर्षं मी शिक्क्यांमागे धावतोय. आणि आज ह्यांनी बॅग उघडली तर सरकारी फॉर्मवर खोटं लिहिलं म्हणून रेकॉर्ड होणार माझं.

मोरेश्वर : आवाज चढू देऊ नकोस.

नेत्रा : आप्पा, पाणी देऊ?

मोरेश्वर : नको.

नेत्रा : पण दगड कशाला, आप्पा? तार्क्विनियाच्या म्युझियममध्ये मी दहादा विचारलं, आठवण म्हणून काही घ्यायचंय का. साधं पोस्टकार्डसुद्धा घेतलं नाहीत.

मोरेश्वर : तो आठवण म्हणून घेतलेला नाही. तो दिगंबराचा अश्मा आहे.

नेत्रा : म्हणजे?

मोरेश्वर : तुम्ही ज्याला जीवखडा म्हणता तो. दहनाच्या वेळी एक दगड बाजूला काढतात. दहा दिवस त्या दगडाच्या ठिकाणी गेलेला माणूस मानून त्याला तिळाचे पाणी द्यायचे. दहाव्या दिवशी पिंडदान झाले की तो पाण्यात सोडायचा. तुझ्या आईच्या वेळी तू केलेस, सिद्धेश.

सिद्धेश : माहितीये मला. पण दिगंबरकाका कऱ्हाडला वारले. आपण तेव्हा इटलीत होतो. त्या ओढ्याचा आणि त्यांचा काय संबंध?

मोरेश्वर : त्या ओढ्यापर्यंत आपल्याला कोणी नेले?

सिद्धेश : मी. मी ड्राइव्ह केलं.

मोरेश्वर : तू गाडी चालवलीस. वाट कोणाची होती?

नेत्रा : काकांच्या नकाशाची.

मोरेश्वर : आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने काढलेले अकरा नकाशे. रद्दीच्या दुकानात त्याला मुखपृष्ठ नसलेले एक इंग्रजी पुस्तक मिळाले, ते वर्ष एकोणीसशे अडुसष्ट. तेव्हापासून कऱ्हाडच्या शाळेतला हा इतिहासाचा शिक्षक भाड्याच्या एका खोलीत बसून इटलीतल्या, रोमनांच्याही आधीच्या एट्रुस्कन लोकांची गावे शोधत होता. मुंबईच्या पुढे तो कधी गेला नाही. तरी चेरवेतेरीच्या थडग्यांच्या गल्लीत उजवीकडे तिसरे दार कोणाचे, हे त्याने मला शिक्षकांच्या खोलीत चहा पिता पिता सांगितले होते. आपण गेलो तेव्हा ते तेथेच होते.

नेत्रा : फक्त नॉर्कियाचा पूल नव्हता.

मोरेश्वर : पुस्तक जुने होते. पूल वाहून गेला असेल. त्याचा दोष नाही.

नेत्रा : दोष कुठे देतेय मी! मला तर मजा आली. पाटीच नाही, रस्ता संपला, सिद्धू म्हणतोय परत फिरू, आणि तो मेंढपाळ आपल्याला त्याच्या कुरणातून घेऊन गेला. तुम्ही त्याला नकाशा दाखवलात तर तो उलटा धरून मान डोलवत होता.

सिद्धेश : नेत्रा, प्लीज. आत्ता नको.

नेत्रा : बरं. पण आप्पा, आपण खाली उतरलो तेव्हा तिघेही बरोबरच होतो. तुम्ही दगड उचलताना मी पाहिलं नाही.

मोरेश्वर : तेव्हा नाही उचलला. आपण ती कड्यात कोरलेली थडगी पाहिली. दगडात कोरलेली बंद दारे, जी उघडण्यासाठी नाहीतच. मी मनात म्हणत होतो, दिगंबरा, अगदी आपल्या आगाशिवच्या लेण्यांसारखा कडा आहे. तू मुलांना घेऊन जायचास तसा. मग आपण वर गाडीपाशी आलो आणि, सिद्धेश, तुझा मोबाइल वाजला.

सिद्धेश : काकांच्या शेजारच्या शरयूमावशींचा फोन.

मोरेश्वर : पहाटे गेला म्हणाल्या. शेजारची चार माणसे आहेत, दोन वाजता संगमावर नेणार. मी विचारले, पुढचे कोण करणार? त्या म्हणाल्या, सर, पुढचे करायला त्यांचे आहे कोण? तेथील दोन म्हणजे आपल्या घड्याळात साडेदहा. दहा वाजले होते. मी तुम्हाला गाडीत बसायला सांगितले.

नेत्रा : आणि तुम्ही परत खाली गेलात. पाऊण तास. आम्हाला वाटलं, तुम्हाला एकटं रडायचंय.

मोरेश्वर : तेही झाले. साडेदहा वाजता मी ओढ्यात उभा होतो. थडग्यांतले काही हलवले नाही. पाऊल टाकले तेही विचारून टाकले. ओढ्यातला, पाण्याने घासलेला एक दगड घेतला. त्या लोकांमध्येही दारापाशी दगड ठेवत असत. पुरुषासाठी खांबासारखा, स्त्रीसाठी घरासारखा. चेरवेतेरीला तू फोटो काढलेस त्यांचे.

नेत्रा : मग रोज हॉटेलात पहाटे बाथरूममध्ये...

मोरेश्वर : पाणी देत होतो.

नेत्रा : आणि तीळ? रोममध्ये तीळ कुठून आणलेत?

मोरेश्वर : न्याहारीला तो पाव असे ना, वर तीळ लावलेला.

नेत्रा : अगं बाई! मला वाटलं दातांत अडकतात म्हणून तुम्ही काढून ठेवता. मी वेटरला साधा पाव आणायला सांगितलं होतं!

मोरेश्वर : त्या दिवशी अडचण झाली खरी. काळे हवेत. पांढऱ्यांवर भागवले.

सिद्धेश : नेत्रा, हसू नकोस. आप्पा, ऐका माझं. हे सगळं शास्त्रात बसतं का? तुम्हीच सांगा.

मोरेश्वर : नाही बसत. अश्मा चितेपाशी घ्यायचा असतो. मी त्याच्या कुळातला नाही. हे दोन्ही मला ओढ्यात उतरण्याआधीच ठाऊक होते.

सिद्धेश : मग! इकडे तलावावर जाऊन नवीन दगड घेऊ. मी घेऊन जातो तुम्हाला, आजच. हा इथे सोडा. त्या कोपऱ्यात डस्टबिन आहे. रुमालात गुंडाळायचा आणि जाता जाता...

मोरेश्वर : नाही.

सिद्धेश : आप्पा, दगडच आहे तो!

मोरेश्वर : चार दिवस मी त्याला नावाने हाक मारली आहे. आता तो नुसता दगड राहिलेला नाही. कचऱ्यात मी त्याला टाकणार नाही.

नेत्रा : आणि सिद्धू, वर बघ. नको, नको, मान वर करू नकोस. चार कॅमेरे आहेत. रुमालात गुंडाळलेली वस्तू डस्टबिनमध्ये टाकणारा इंडियन माणूस. सगळा विमानतळ रिकामा करतील.

सिद्धेश : मग मी काय करू? सांगा ना दोघं मिळून. बॅगा स्कॅन होतील, दगड दिसेल, फॉर्मवर नो आहे.

मोरेश्वर : फॉर्म दुरुस्त कर.

सिद्धेश : काय?

मोरेश्वर : 'नो' खोडून 'येस' लिही. दगड आहे, माती आहे, असे सांग. त्यांनी काढून घेतला तर त्यांनी घेतला. त्यावर माझा इलाज नाही, आणि दिगंबरही मला बोल लावणार नाही. पण आपण टाकला, किंवा लपवला, असे नको. तुझ्या हातून माझ्यासाठी खोटे लिहिले गेले आहे. ते मला या दगडाहून जड वाटते.

सिद्धेश : आप्पा, तुम्हाला इथलं माहीत नाही. येस म्हटलं की प्रश्न सुरू होतात. कुठून घेतला? पुरातन साइटवरून. इटलीची परवानगी आहे? नाही. कशासाठी? मेलेल्या माणसासाठी. काय सांगू मी त्या माणसाला? एकदा प्रश्न सुरू झाले की ते कुठे थांबतील सांगता येत नाही. आमच्या ऑफिसमधला एक जण आईचं लोणचं डिक्लेअर करायला गेला, पाच तास बसवला त्याला.

नेत्रा : तो ऑफिसमधला तोच का रे? प्रत्येक गोष्टीला ज्याचं उदाहरण असतं?

सिद्धेश : म्हणजे?

नेत्रा : काही नाही.

सिद्धेश : नाही, बोल.

नेत्रा : त्याच माणसानं तुला सांगितलं होतं ना, केस पेंडिंग असताना कुणाला स्पॉन्सर करू नकोस म्हणून?

सिद्धेश : नेत्रा!

मोरेश्वर : कोणाला?

नेत्रा : चुकले मी. जाऊ दे.

मोरेश्वर : नाही, आता सांगा.

सिद्धेश : आप्पा... दिगंबरकाका रोमला आपल्याला येऊन मिळणार होते ना, त्यांच्या व्हिसासाठी माझं पत्र लागणार होतं. खर्च मी करतोय असं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी म्हणालो, पाठवलंय, कॉन्सुलेटकडूनच उशीर होतोय.

मोरेश्वर : हं.

सिद्धेश : मी पाठवलंच नव्हतं. टाइप केलं, प्रिंट काढली, सही केली. आणि तो म्हणाला, असल्या कागदावर सही केलीस तर तुझीच फाइल उघडतील. दोन देशांचे दोन वेगळे कागद, काही संबंध नाही. लॉयरला एक ईमेल टाकायला हवा होता मी. तोसुद्धा टाकला नाही. पत्र अजून ड्रॉवरमध्ये आहे.

मोरेश्वर : मला ठाऊक आहे.

सिद्धेश : काय ठाऊक आहे?

मोरेश्वर : पत्र निघाले नाही हे. इर्विंगला तुझ्याकडे आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात स्टेपलर शोधताना मला ते सापडले.

नेत्रा : आणि तुम्ही बोलला नाहीत? दोन महिने?

मोरेश्वर : काय बोलायचे? त्याच्या चेहऱ्यावर ते रोज दिसत होते. फोनवर दिगंबराचे नाव निघाले की हा पाणी प्यायला उठे. मी दिगंबराला कळवले, यंदा जमत नाही, कागदांची अडचण आहे. तो म्हणाला, मोरू, तू जाऊन ये. मला नुसते सांग, दारे तेथे आहेत की नाहीत.

सिद्धेश : तुम्ही सांगितलंत?

मोरेश्वर : चेरवेतेरीहून फोन केला होता. रविवारी. तिसऱ्या दाराचे सांगितले. तार्क्विनियाचे सांगितले, रंगवलेल्या थडग्यांत काचेपलीकडे बटण दाबल्यावर दिवा लागतो आणि पाहून होण्याआधी विझतो, हे ऐकून फार हसला. म्हणाला, नॉर्किया झाले की लगेच कर फोन.

नेत्रा : आणि सोमवारी सकाळी...

मोरेश्वर : हो.

सिद्धेश : आप्पा, मला दहावीत इतिहासात नापास होताना त्यांनी वाचवलं. रोज संध्याकाळी त्यांच्या खोलीवर. एकही वही कधी विकत घ्यावी लागली नाही.

मोरेश्वर : मला माहीत आहे, बाळ.

सिद्धेश : मला भीती वाटली, इतकंच. मी वाईट वागायचं म्हणून नाही केलं.

मोरेश्वर : तेही माहीत आहे. भीती आत्ताही वाटते आहे तुला. मलाही वाटते आहे.

नेत्रा : सिद्धू, एक सांगू? त्या ओळीत नुसती माती नाहीये. मी आत्ता नीट वाचलं. शेतावर, कुरणात गेला होतात का, हेही त्याच प्रश्नांत आहे.

सिद्धेश : मग?

नेत्रा : मग आपण मेंढ्यांच्या कुरणातून पाऊण मैल चालत गेलोय. तिघांच्याही बुटांना लेंड्या होत्या. दगड नसता तरी तुझं उत्तर 'येस'च होतं.

सिद्धेश : ...पेन कुठेय?

नेत्रा : हे घे.

सिद्धेश : थांब. खोडून वर लिहिलं तर चालतं? नवीन फॉर्म मागू?

नेत्रा : मागायला उठलास तर त्याला आत्ताच सांगावं लागेल.

सिद्धेश : 'नो'वरच गिरवून टाकतो.

मोरेश्वर : सावकाश. एक रेघ मार, आणि शेजारी लिही. गिरवू नकोस. शाळेत पेपर तपासताना मी मुलांना हेच सांगत असे. एका रेघेने खोडलेली चूक शिक्षकाला पटते, गिरवलेली पटत नाही.

सिद्धेश : झालं.

नेत्रा : दाखव. हं. ठीक आहे. अरे, आपलं नाव! ऊठ, तो बोलावतोय. आप्पा, तुम्ही बसा. आमच्या दोघांचंच म्हणाला.

*

नेत्रा : आप्पा, चला. शिक्का मिळाला.

मोरेश्वर : विचारले का काही?

नेत्रा : कुठे गेला होतात, किती दिवस, काम कुठे करता. ह्याच्या तोंडून कंपनीचं नावच निघेना. मी सांगितलं.

सिद्धेश : आता बॅगा. आणि मग ते लाल दिव्याचं टेबल. ॲग्रिकल्चर. आप्पा, दगड द्या माझ्याकडे.

मोरेश्वर : मी येतो बरोबर. दगड माझा आहे, मीच सांगेन. माझ्या व्हिसाचे काही झाले तर होऊ दे. फार तर मला परत पाठवतील. मला जायचेच आहे.

सिद्धेश : सही माझी आहे. एकानेच या म्हणतायत ते. तुमचे बूट काढून द्या. नेत्रा, तुझेपण.

नेत्रा : मी काय मोज्यांवर उभी राहू एअरपोर्टभर?

सिद्धेश : हो.

मोरेश्वर : हे घे. उजव्या हातात धर. आणि सिद्धेश...

सिद्धेश : काय?

मोरेश्वर : काढून घेऊ लागले तर हुज्जत घालू नकोस. एकदा मनात नाव घे, आणि दे.

*

मोरेश्वर : किती वेळ झाला?

नेत्रा : पंचवीस मिनिटं. आप्पा, बसा ना त्या कडेला.

मोरेश्वर : बसवत नाही. दार लावले आहे का त्यांनी?

नेत्रा : काचेचं आहे. पाठ दिसतेय त्याची. हात हलवून काहीतरी सांगतोय.

मोरेश्वर : पूर्वी उत्तर येत नसे तेव्हा तो असाच हात हलवी. नेत्रा, मी हट्ट केला का?

नेत्रा : केलात.

मोरेश्वर : तुझे हे बरे आहे. विचारले की सांगतेस.

नेत्रा : पण मी तुमच्या जागी असते तर मीही केला असता. खरं सांगते, त्या पत्राचा दोष निम्मा माझा आहे. मला माहीत होतं ड्रॉवरमध्ये आहे ते. रोज वाटायचं, उद्या मीच पोस्टात टाकून येते. पण मलाही घर घ्यायचंय इथे, मलाही तो शिक्का हवा होता. म्हणून गप्प राहिले.

मोरेश्वर : त्या थडग्यांतल्या भिंतींवर लिहिलेले होते, तू मला विचारलेस, काय लिहिले आहे.

नेत्रा : तुम्ही म्हणालात, अक्षरं वाचता येतात, भाषा फारशी कळत नाही.

मोरेश्वर : बहुतेक ठिकाणी नावेच आहेत. अमका, अमक्याचा मुलगा. मोठे राज्य होते, नाटकवाले होते, ज्योतिषी होते. शेवटी कोणी कोणाचा होता एवढेच दगडावर कोरावेसे वाटले त्यांना. मी ते पाहून दिगंबराचा विचार करत होतो. त्याचे कोणी काय कोरणार?

नेत्रा : आप्पा, वळला तो. येतोय. हातात काही नाहीये.

मोरेश्वर : नीट पाहा.

नेत्रा : बूट आहेत. पिशवीत बूट आहेत. बाकी काही दिसत नाही.

मोरेश्वर : घेतला तर मग. असो. असो. तो तरी सुखरूप आला ना?

नेत्रा : सिद्धू! काय झालं? फॉर्म?

सिद्धेश : फॉर्म ठीक आहे. खोडलेल्या ओळीपाशी छोटी सही मागितली. म्हणाला, विचारायच्या आधी सांगितलंत, विषय संपला. बूट ओले आहेत, लगेच घालू नका. औषधाच्या पाण्यात बुडवले. मेंढ्या किती होत्या, आजारी दिसत होत्या का, इकडे कुठल्या फार्मवर जाणार का. वीस मिनिटं नुसत्या मेंढ्या!

मोरेश्वर : आणि...

सिद्धेश : माझ्या खिशात आहे. हा घ्या.

मोरेश्वर : दिला त्यांनी?

सिद्धेश : दगड चालतो, माती चालत नाही म्हणाला. तिथे बेसिन होतं. ब्रश दिला मला. मी ब्रश नाही वापरला, हातानेच धुतला. भेगेत थोडी माती होती, ती निघायला वेळ लागला.

नेत्रा : विचारलं नाही, हे काय आहे म्हणून?

सिद्धेश : विचारलं. सगळं इंग्रजी विसरलो मी. अश्मा वगैरे काय सांगणार? म्हटलं, माझ्या काकांचा आहे.

नेत्रा : मग?

सिद्धेश : म्हणाला, ते का नाही आले घ्यायला. मी म्हणालो, ते सोमवारी गेले. मग त्यानं टॉवेल दिला पुसायला.

मोरेश्वर : हं.

सिद्धेश : आप्पा, बसा. चक्कर येतेय का?

मोरेश्वर : नाही, नाही. डोळ्यांत काहीतरी गेले. चला, त्या ट्रॉल्यांच्या वाटेत उभे आहोत आपण.

नेत्रा : दहावा कधी येतो?

मोरेश्वर : येत्या बुधवारी.

सिद्धेश : मी सुट्टी टाकतो. तलावावर जाऊ पहाटे. कोणी यायच्या आत. काय काय लागेल ते सांगून ठेवा, इंडियन स्टोअरमध्ये काळे तीळ मिळतात.

मोरेश्वर : तीळ, तांदळाचे पीठ, दर्भ माझ्या पेटीत आहेत. मंत्र मला येतात. एकच अडचण आहे.

सिद्धेश : काय?

मोरेश्वर : नावापुढे गोत्र उच्चारावे लागते. चाळीस वर्षे एका टेबलावर डबा खाल्ला आम्ही, आणि मी त्याचे गोत्र कधी विचारले नाही. आता विचारायला कोणी उरलेले नाही. ठाऊक नसेल तेव्हा काश्यप म्हणण्याची रीत आहे. तसे म्हणेन.

सिद्धेश : नको, आप्पा.

मोरेश्वर : मग काय म्हणू?

सिद्धेश : आपलं सांगा.